हमाली कमी, बांधकाम जास्त: ठोकळ्यांच्या रोल-प्लेइंग गेममध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्यांनी केली त्यांनी ठोकळ्यांचे गेम खेळले नव्हते, पण त्रास तोच. या गेममध्ये अख्खं जग ठोकळ्यांचं असतं. ते फोडायचे, हवे तसे रचायचे, आणि सोबत आपलं पात्र घेऊन लढायचं, गोष्ट पुढे न्यायची. असा गेम पहिल्यांदा सुरू केला तेव्हा माझा बेत साधा होता. दिवसा घर बांधायचं, रात्री राक्षस मारायचे, अधूनमधून गोष्ट पुढे न्यायची. प्रत्यक्षात पहिले दहा-बारा तास मी एका पेटीतले दगड दुसऱ्या पेटीत टाकत होतो, आणि उरलेला वेळ स्वतःचंच घर शोधत फिरत होतो.

आता बरेच गेम खेळून झाल्यावर माझं मत असं झालंय की नवा माणूस हे गेम सोडतो तो लढाई जमत नाही म्हणून नाही. बांधायला आलेला माणूस हमालीत अडकतो आणि वैतागतो. वाहणं, शोधणं, परत येणं, पुन्हा वाहणं. ही हमाली सुरुवातीलाच आटोक्यात आणली तर उरतं ते निव्वळ सुख असतं. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

## हाताशी काय असावं

- कंट्रोलर किंवा माउस-कीबोर्ड, जे हाताला बसलंय ते. बारीक बांधकामाला मला माउस सोपा जातो, भटकंतीला कंट्रोलर.
- गणिताची चौकटींची वही आणि पेन्सिल. हसू नका. एक चौकट म्हणजे एक ठोकळा, यापेक्षा सोपा नकाशा नाही.
- सेव्ह फाइलची (जिच्यात आपला खेळ जपून ठेवलेला असतो तिची) एक प्रत, गेममध्ये तशी सोय असेल तर. मोठं काही पाडण्याआधी किंवा मोठ्या राक्षसाला हात घालण्याआधी ती काढून ठेवा.
- दीड-दोन तासांचा सलग वेळ. पंधरा मिनिटांत या गेममध्ये फक्त पसारा वाढतो.

## १. आधी गेमचा स्वभाव ओळखा

ठोकळे दिसले म्हणजे सगळे गेम सारखे असं नाही. ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे जरा रेंगाळू.

माइनक्राफ्ट २००९ मध्ये लोकांसमोर आला आणि त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये निघाली. त्यात अनुभवाचे गुण आहेत, मंतरलेली हत्यारं आहेत, शेवटी एक ड्रॅगनही आहे, पण तुम्हाला कोणी काही सांगत नाही. गोष्ट तुमची तुम्ही रचायची. टेरेरिया २०११ चा, बाजूने दिसणारा, द्विमितीय. दिसायला बांधकामाचा, पण आतून राक्षसांच्या पायऱ्या चढत जाणारा. एकेक मोठा राक्षस पडला की जग थोडं बदलतं.

ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स (जपानमध्ये २०१६) ही तिसरी जात. इथे गोष्ट आधी, बांधकाम तिच्या पोटात. या जगात माणसं बांधायची कलाच विसरली आहेत आणि ती परत आणणारे तुम्ही. गावकरी येतात, मला स्वयंपाकघर हवं, मला झोपायची खोली हवी म्हणतात, आणि तुम्ही करत जाता. दुसरा भाग जपानमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये आणि इतरत्र २०१९ मध्ये आला. त्यात बांधकामाला बंदी घालणारा एक पंथच आहे, आणि तुमच्या सोबत्याला बांधता येत नाही, फक्त फोडता येतं. जोडी अशी जमते की विचारू नका.

पोर्टल नाइट्समध्ये (२०१७) योद्धा, जादूगार, तिरंदाज असा वर्ग निवडून लहान लहान बेटांवर फिरायचं. तो बनवणाऱ्याच मंडळींचा एनश्राउडेड जानेवारी २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पुरा होण्याआधीच खेळायला, आला.

तुम्हाला कोणी काम सांगितलेलं आवडतं का, हे आधी स्वतःला विचारा. आवडत असेल तर बिल्डर्सच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. 'मला मोकळं सोडा' म्हणणाऱ्यांनी माइनक्राफ्ट घ्यावा. लढाईची खाज असेल तर टेरेरिया. मी उलटं केलं, मोकळ्या जगात आधी गेलो, आणि दोन आठवडे 'आता करू काय' एवढंच करत होतो.

सापळा: गोष्टीच्या गेममध्ये पहिल्याच गावात महाल बांधायला घेऊ नका. बिल्डर्सच्या पहिल्या भागात प्रत्येक प्रकरणाची सुरुवात रिकाम्या हातांनी होते, आधीच्या प्रकरणातला माल पुढे येत नाही. हे कळल्यावर काही जण गेम बंद करतात. पण प्रत्येक प्रकरण म्हणजे नवं गाव आणि नवं सामान, असं धरून चाललं तर तोच भाग ताजा वाटतो. मनासारखं मोकळं बांधायला त्या गेमात वेगळी जागा दिलेलीच आहे.

## २. पहिली खोली कुरूप बांधा

अंधार पडायच्या आत चार भिंती, दार, बिछाना, उजेड. बस. माइनक्राफ्टचा पूर्ण दिवस आपल्या घड्याळाने २० मिनिटांचा असतो, त्यातली साधारण ७ मिनिटं खरी रात्र. तेवढ्यात तुम्ही खिडकीची चौकट कशी शोभेल याचा विचार करत बसलात तर मागून कोणीतरी फुस्स आवाज करेल आणि खिडकीसकट भिंत जाईल.

मातीची, बेढब, एकाच रंगाची खोली चालेल. तिचं काम एवढंच की मेलात तर तिथे परत उठायचं. माइनक्राफ्टमध्ये बिछान्यावर झोपलं की परत उठायची जागा ठरते, आणि बिछाना मोडला की ती जागाही जाते. नेदर नावाच्या पाताळात मात्र बिछाना टाकून झोपायला जाऊ नका, तो तिथे फुटतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

## ३. पेट्या आधी, शोभा नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो.

माइनक्राफ्टमध्ये अंगावर ३६ खाने. बहुतेक साहित्याचे एका खान्यात ६४ नग मावतात. ऐकायला भरपूर, पण खाणीत उतरलं की दगडाचे चार प्रकार, माती, कोळसा, लोखंड, दोरे, हाडं, कुजलेलं मांस, बिया यांनी अर्ध्या तासात पिशवी भरते. मग समोर हिरा दिसतो आणि काय टाकू यावर विचार सुरू होतो. साध्या पेटीत २७ खाने, दोन शेजारी ठेवून जोडपेटी केली की ५४.

माझी पद्धत अशी:

पहिल्या दिवशीच दाराच्या आत एक 'टाकाऊ पेटी'. घरी आलं की सगळं तिच्यात ओतायचं, बघायचं नाही. बाहेरची फेरी संपली, डोकं शांत झालं, की मग वाटणी. दार उघडल्या उघडल्या वर्गवारी करायला गेलं की दोन मिनिटांत कंटाळा येतो आणि हिरे बियांच्या पेटीत जातात.

वाटणीला पाचच गट पुरतात: दगड-माती, लाकूड, धातू, खाणं-पिणं, आणि राक्षसांकडून मिळालेलं. सुरुवातीला अठरा गट करणारा माणूस तिसऱ्या दिवशी एकही पाळत नाही. प्रत्येक पेटीवर पाटी, म्हणजे पेटी उघडून बघायची वेळ येत नाही.

भट्टी, कामाचं टेबल आणि पेट्या एकमेकांना खेटून. यांच्यात दहा पावलं अंतर ठेवलंत तर दिवसाकाठी शंभर फेऱ्यांची हजार पावलं होतात. सुंदर कार्यशाळेच्या नादात मी भट्ट्या तळघरात नेल्या होत्या. आठवड्याने परत वर आणल्या.

गेमने हमाली कमी करायला काय दिलंय ते आधी शोधा. टेरेरियात एका बटणाने पिशवीतला माल जवळच्या पेट्यांमध्ये आपोआप जागच्या जागी जातो. एनश्राउडेडमध्ये जादूच्या पेट्या मिळाल्या की माल पेटीतच ठेवून त्यातून वस्तू घडवता येतात. बिल्डर्सच्या दुसऱ्या भागात मोठी पिशवी मिळते आणि अर्धी डोकेदुखी संपते. त्या भागात गोष्टीच्या बाहेरच्या छोट्या बेटांवर शोधयादी पूर्ण केली की ठरावीक साहित्य कायमचं अमर्याद मिळतं. ही बेटं टाळू नका. मी ती 'फालतू कामं' म्हणून शेवटाला ठेवली आणि तोवर लाकूड तोडत बसलो. हात दाखवून अवलक्षण.

सापळा: 'कधीतरी लागेल' म्हणून सगळं साठवणं. माती, खडी, साधा दगड यांची एकेक जोडपेटी भरली की पुढचा माल खाली टाकून द्या. जग मातीचंच आहे, संपणार नाही.

## ४. गेमच्या लेखी 'घर' म्हणजे काय, ते वाचा

तुम्ही घर बांधलं, गेमने मान्य केलं नाही, गावकरी बाहेर उभा. नवख्यांचा सगळ्यात मोठा वैताग हा. तुमचं काम बिनचूक दिसत असतं, पण गेम घराकडे डोळ्यांनी बघत नाही, नियम मोजतो.

टेरेरियात खोली पूर्ण बंद हवी, आत उजेड, एक टेबलासारखा सपाट पृष्ठभाग, एक बसायची वस्तू, आणि यायला-जायला दार. भिंती, फरशी आणि छत धरून किमान ६० ठोकळ्यांची जागा. इतकं केल्यावरही नव्वद टक्के लोक अडकतात ते मागच्या भिंतीवर. हे माझ्या अंदाजाचे नव्वद टक्के, पण पैज लावायला तयार आहे. पाठीमागे भिंत लावलेली नसेल तर ती खोलीच नाही, आणि जमिनीखालची नैसर्गिक मातीची भिंत धरत नाहीत, स्वतः लावलेलीच हवी. घरांच्या मेन्यूत प्रश्नचिन्हाचं बटण आहे. ते दाबून खोलीवर टिचकी मारली की काय कमी आहे ते गेम स्वतः सांगतो.

बिल्डर्समध्ये नियम वेगळे. भिंत दोन ठोकळे उंच, सलग, कुठेही फट नाही, आणि दार. छप्पर लागत नाही! मी पहिल्या चार खोल्यांना इमानेइतबारे छपरं घातली, मग आत कॅमेरा अडकायला लागला आणि चारही काढून टाकली. आत काय मांडलंय त्यावरून खोलीचं नाव ठरतं. गवताचे बिछाने टाकले तर झोपायची खोली, चूल ठेवली तर स्वयंपाकघर. सामान बदललं की खोलीची ओळखही बदलू शकते, म्हणून मान्य झालेल्या खोलीत उगाच खुर्च्या कोंबू नका. आणि हे सगळं गावाच्या हद्दीत. हद्दीबाहेरची खोली गावाच्या हिशोबात येत नाही.

या मोजमापात एक मजाही आहे. दोन-तीन वस्तू सहज एकत्र ठेवाव्यात आणि गेमने एकदम नवं नाव जाहीर करावं, हा आनंद मला कुठल्याही राक्षसाला मारून मिळालेला नाही. दुसऱ्या भागाच्या शेतीच्या बेटावर गावकऱ्यांसाठी संडास बांधावा लागतो आणि तिथलं सोनखत शेताला जातं. आराखडा अंथरून साहित्य पेटीत ठेवलं की गावकरी स्वतः येऊन बांधायलाही लागतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो.

## ५. बांधण्याआधी ठोकळे मोजा

इथे वही उघडायची. ७ बाय ७ ची, ४ ठोकळे उंच खोली घ्या. भिंतीचा परीघ २४, चार थर म्हणजे ९६. फरशी ४९, छप्पर ४९. एकूण १९४, दाराचे दोन वजा, १९२. म्हणजे ६४ चे बरोबर तीन गठ्ठे. एका फेरीत काम फत्ते.

आता ३० बाय ३० चा किल्ला, भिंत १० उंच. परीघ ११६, दहा थर ११६०. फरशी ९००, छप्पर ९००. एकूण २९६०. माइनक्राफ्टची अख्खी पिशवी फक्त दगडांनी भरली, हत्यार नाही की खाणं नाही, तरी २३०४ मावतात. आतल्या भिंती, जिने, बुरूज अजून धरलेलेच नाहीत. बाजू चौपट झाली, काम पंधरापट. अर्धवट किल्ल्यांनी भरलेली जगं अशी तयार होतात, आणि माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर असे तीन आहेत.

किल्ला हवाच असेल तर एक बुरूज पुरा करा, त्यात राहायला जा, मग दुसरा.

## ६. परतीची वाट

गुहेत शिरताना मशाली कायम उजव्या हाताच्या भिंतीला. परतताना त्या डावीकडे दिसल्या की वाट बरोबर. याहून स्वस्त होकायंत्र नाही. घराशेजारी मातीचा उंच खांब उभारून वर मशाली लावा, दुरून दिसतो. गेम स्थानाचे आकडे दाखवत असेल तर घराचे आकडे वहीत पहिल्या पानावर.

मशालींचा दुसरा उपयोग: माइनक्राफ्टच्या १.१८ आवृत्तीपासून बहुतेक राक्षस पूर्ण काळोखातच उगवतात. मशालीच्या उजेडाची पातळी १४ आणि ती दर ठोकळ्याला एकाने कमी होते. त्यामुळे अंगणात दाटीवाटीने मशाली रोवायची गरज उरलेली नाही. घराच्या छपरावर मात्र लावा. सगळे अंगण उजळतात आणि छप्पर विसरतात.

## ७. लढाईबद्दल थोडंसं

या गेममधली लढाई बहुतेक वेळा साधीच असते: मारा, मागे व्हा, मारा. अडलात तर हाताच्या कौशल्यापेक्षा चिलखत आणि जागा बदला. तुमच्याकडे ठोकळे आहेत हे विसरू नका. खड्डा खणा, भिंत उभी करा, टेरेरियात लांबलचक सपाट मचाण बांधून त्यावर पळत पळत लढा.

मरणाचे नियम मात्र आधीच वाचा. माइनक्राफ्टमध्ये मेलात की सगळं तिथेच सांडतं, आणि तुम्ही परिसरात असताना ५ मिनिटांत नाहीसं होतं. टेरेरियाच्या 'क्लासिक' प्रकारच्या पात्राचे फक्त पैसे सांडतात. टेरेरियातच 'वॉल ऑफ फ्लेश' नावाचा मोठा राक्षस पाडला की ते जग कायमचं अवघड होतं, मागे फिरता येत नाही. तयारी नसताना उत्साहाच्या भरात तिकडे जाऊ नका.

## ८. गोष्ट आणि घर यांचा ताळमेळ

गोष्टीच्या गेममध्ये चांगली हत्यारं, साहित्य, उडायची किंवा तरंगत उतरायची सोय गोष्ट पुढे गेल्यावरच मिळते. म्हणून पहिला टप्पा जवळजवळ पळत संपवा आणि सजावट नंतरसाठी ठेवा. आधी कळस मग पाया केला तर दोन्ही हातचे जातात. पण सरळ रेषेत पळत राहिलात तर गेम नुसती कामांची यादी वाटू लागतो. मी दर दोन-तीन कामांनंतर एक गोष्ट निव्वळ हौसेची करतो: एक कुंपण, एक पायवाट, एक बाक. तेवढंच.

कमावलेलं पुढे चालतं का, हेही बघा. २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या क्यूब वर्ल्डमध्ये लेव्हल काढून टाकल्या होत्या आणि बहुतेक हत्यारं-चिलखतं ज्या प्रदेशात मिळाली तिथेच खरी उपयोगी होती. सीमा ओलांडली की पुन्हा दुबळे. काहींना ते रुचलं, पुष्कळांना नाही. मला नाही.

## ९. चुकीच्या जागी पडलेला ठोकळा

तुम्ही भिंतीत ठोकळा लावता, तो तुमच्या पायाखाली येतो. तोडायला जाता, शेजारचं कपाट फुटतं. कॅमेरा भिंतीत घुसतो आणि पडद्यावर फक्त करडा रंग. यावर पूर्ण उपाय नाही, पण बाहेरून आत न बांधता आतून बाहेर बांधा, छप्पर सगळ्यात शेवटी घाला, आणि गेममध्ये पात्राच्या डोळ्यांतून बघायची सोय असेल तर (बिल्डर्सच्या दुसऱ्या भागात आहे) बारीक कामाला तीच वापरा. वाळू आणि खडी माइनक्राफ्टमध्ये खालचा आधार काढला की कोसळतात, त्यामुळे डोक्यावरची खडी तोडताना स्वतः खाली उभं राहू नका.

## १०. दुसऱ्यांबरोबर खेळताना

पेट्या वेगळ्या, हद्द वेगळी, आणि 'विचारल्याशिवाय पाडायचं नाही' हा एकच नियम. माझा एक मित्र मदत म्हणून माझ्या घराची डावी भिंत 'सरळ' करून गेला होता. ती मी मुद्दाम वाकडी ठेवली होती. आम्ही अजून बोलतो, पण त्या जगात नाही. गेम घेण्याआधी एकत्र काय खेळता येतं तेही तपासा. बिल्डर्सच्या दुसऱ्या भागात चौघांना एकत्र बांधता येतं, पण फक्त मुख्य बेटावर, गोष्ट मात्र एकट्यानेच.

## ११. उठण्याआधी पाटी लिहा

खेळ थांबवताना दाराशेजारी एक पाटी लावा: काय अर्धं आहे, काय संपलंय, पुढे काय करायचं. तीन आठवड्यांनी परत आलात की तो पहिला अर्धा तास वाचतो, जो एरवी पेट्या उघडून बघण्यात जातो. माझ्या सध्याच्या जगात दारावर लिहिलंय: 'छप्पर अर्धं. काच संपली. पूर्वेच्या गुहेत जाऊ नको.' तिसऱ्या ओळीचं कारण आता मला आठवत नाही. तरी मी तिकडे जात नाही.